सुधारित दात

खैरपाड्यात कुणाचं भात कणगीत जाईल आणि कुणाचं अजून खळ्यावर लोळेल, हे ठरवायचा अधिकार पाटलाला नव्हता, तलाठ्याला नव्हता. तो धाऊच्या डाव्या दाढेला होता.

किन्हवलीहून तासाभराच्या पायवाटेवरचं हे तीसेक उंबऱ्यांचं गाव. कार्तिक सरत आला, झोडणी झाली, की माणसं मुठीत थोडं भात धरून धाऊच्या ओटीवर यायची. धाऊ त्यातला एक दाणा उचलायचा, दाढेखाली धरायचा आणि डोळे मिटायचा. दाणा कट् करून तुटला तर म्हणायचा, "भर." कुच् करून दबला तर म्हणायचा, "दोन उन्हं दे अजून." कधी एक ऊन, कधी तीन. पुढे वाद नाही. ओलसर भात कणगीत गेलं तर आतल्या आत तापतं. खायचं असेल तर कुबट लागतं, बियाण्याचं असेल तर मरतं, आणि मेलेला दाणा दिसायला जिवंत दाण्यासारखाच दिसतो. तो मेलाय हे कळतं जेठात, राबात म्हणजे रोपांसाठी भाजलेल्या वाफ्यात पेरल्यावर, म्हणजे हातातून सगळं गेल्यावर. म्हणून दाढेला आधी विचारायचं.

या कामाचं धाऊ कुणाकडून काही घेत नसे. मिळायचा तो मान. लग्नाची बैठक असो की गावदेवीचा कोंबडा, धाऊ येऊन टेकल्याशिवाय कुणी बोलायला सुरुवात करत नसे. एरवी चार खाचरांचा धनी, अंगानं किडमिडीत, आवाज बसका. त्याला कोण विचारणार होतं? दाढ होती म्हणून धाऊ होता, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी नीट दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

त्याच्या आधी हे काम त्याचा बाप पदू करायचा. पन्नाशीला पदूचे दात हलले, मग पडायला लागले. एका सुगीला गावातला एक जण मूठ घेऊन ओटीवर आला. पदूनं दाणा घ्यायला हात पुढे केला, आणि त्या माणसानं पदूसमोरून हात नेऊन दाणा कोपऱ्यात बसलेल्या धाऊला दिला. पदूनं पुढे केलेला हात मागे घेतला आणि त्याच हातानं मांडी खाजवली, जणू खाजवायलाच काढला होता. तिशीतल्या धाऊला त्या दिवशी केवढं चढल्यासारखं झालं होतं! पण तो मागे गेलेला हात त्याच्या मनातून काही जाईना. पदू त्यानंतर आठ वर्षं जगला. ओटीवर बसून असायचा, येणारा-जाणारा त्याला ओलांडून जायचा.

छप्पन्न साली गावाला ग्रामसेवक मिळाला. खोपकर त्याचं नाव. एक सायकल, एक छत्री आणि एक शब्द, एवढ्या भांडवलावर हा माणूस दहा गावांचं भलं करायला निघाला होता. तो शब्द म्हणजे 'सुधारित'. सुधारित बियाणं, सुधारित नांगर, सुधारित चूल, सुधारित कोंबडी. त्याची ती पांढरी सुधारित कोंबडी महिन्याभरात मुंगसानं नेली. कारण अंडी घालण्यात ती इतकी सुधारली होती, की पळायचं विसरली होती. पण खोपकर खचला नाही. असली माणसं खचत नाहीत. खचायची पाळी नेहमी दुसऱ्यावर येते.

त्याची जपानी भातशेती मात्र धाऊनं मनावर घेतली. वरच्या एका खाचरात दोरी धरून ओळीनं रोपांची आवणी केली, सरकारी खताची पांढरी पूड टाकली, आणि खरंच, त्या खाचरात दुप्पट भात आलं. पुढच्या पौषात म्हसा गावच्या जत्रेत सरकारी मांडव होता. तिथं बैलबाजाराच्या धुरळ्यात कुणा साहेबानं धाऊच्या गळ्यात हार घातला आणि भोंग्यातून त्याचं नाव पुकारलं: सुधारित शेतकरी, धाऊ पदू. हार सुकला तरी धाऊनं तो खुंटीवरून काढला नाही.

त्याची बायको गोजर त्या हाराकडे बघून म्हणाली, "शेतकरी सुधारला ते बरं झालं. आता नवरा कधी सुधारतो ते बघते."

तिचं तोंड गावाला माहीत होतं. पण 'सुधारित' या शब्दानं धाऊच्या डोक्यात घर केलं ते केलंच. भात सुधारतं, नांगर सुधारतो, मग माणूसच तेवढा जुना का राहावा?

अठ्ठावन्नच्या आषाढात त्याची डावी दाढ दुखायला लागली.

दाढदुखीनं कुणी मरत नाही. मिठाचं पाणी, लवंग, निरगुडीचा शेक, सगळं झालं. ठणका दोन दिवसांत उतरला. पण त्याबरोबर धाऊचा दाढेवरचा भरवसाही उतरला. तो जिभेनं दर घटकेला दाढ चाचपायचा. हलते का? थोडी हलते. नाही, नाही हलत. त्याला अठ्ठेचाळिसावं चालू होतं. अजून दोन वर्षं, फार तर चार. मग कुणीतरी मूठ घेऊन ओटीवर येणार आणि त्याच्यासमोरून हात नेणार. नेणार तरी कुणाकडे? त्याला मुलगाही नव्हता. दोन्ही मुली नांदायला गेलेल्या. म्हणजे हात गावातल्या कुठल्याही सोम्यागोम्याकडे गेला असता.

हे त्यानं खोपकराजवळ काढलं. दुसऱ्या कुणाजवळ काढलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"धाऊराव," खोपकर सायकलला टेकून म्हणाला, "तुमचे दात म्हणजे देशी बियाणं. कितीही जपा, पडणारच. विलायतेत काय करतात माहीत आहे? मुलीचं लग्न ठरलं की बाप तिचे सगळे दात काढून नवी कवळी बसवून देतो. चांगले धडधाकट दात! आंदण म्हणून! मरेपर्यंत दुखणं नाही, किडणं नाही, हलणं नाही."

"धडधाकट दात काढतात?" धाऊनं विचारलं.

"पडायची वाट कशाला बघायची? आणि हे तर काहीच नाही. उद्या डोळे कारखान्यात होतील, कान होतील, काळीजसुद्धा होईल. झिजलं की बदललं. म्हातारपण म्हणून काही राहणारच नाही. माणसानं मरायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर राहील. सुधारित माणूस, धाऊराव!"

खोपकराचे स्वतःचे पुढचे दोन दात ओठांबाहेर डोकावत होते. ते त्यानं कधी सुधारून घेतले नाहीत. पण धाऊचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याला फक्त 'हलणं नाही' एवढंच ऐकू आलं होतं.

घरी येऊन त्यानं गोजरला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"सगळे काढनार?"

"सगळे. मरेपर्यंत चिंता नाय."

"आन् काळीज पन मिळतं म्हनता कारखान्यात?"

"पुढं मिळंल."

"मग माझ्यासाठी एक आना. हे झिजलंय तुमच्या संगतीत."

कल्याणला बाजाराच्या तोंडाशी एका दातवाल्याचं दुकान होतं. त्यानं धाऊचं तोंड उघडलं आणि बराच वेळ बंदच करू दिलं नाही. "अहो, असे दात मी जन्मात पाहिले नाहीत," तो म्हणाला. "ही एक दाढ किडली आहे. ती काढू. बाकीचे तुम्हाला जाळायला नेतील तेव्हाही जागेवर असतील." धाऊ म्हणाला, "सगळे." दातवाल्यानं तीनदा विचारलं, धाऊनं तीनदा तेच सांगितलं. मग दातवाल्यानं तरी किती भांडायचं? चार खेपा झाल्या. एस.टी.तून परत येताना दर खेपेला धाऊ तोंडावर उपरणं दाबून बसायचा, आणि उपरणं लाल व्हायचं. एकतीस दात निघाले. बत्तिसावा कधी उगवलाच नव्हता.

ते दात त्यानं तिथं टाकले नाहीत. आपल्या अंगाची वस्तू परक्या गावात कशी टाकायची? फडक्यात बांधून त्यानं ते घरी आणले आणि गोजरच्या हातात दिले. गोजरनं फडकं सोडून बघितलं. मोत्यासारखे वगैरे नव्हते, पिवळट होते, पण ती एक दाढ सोडली तर एकूण एक अखंड होते. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

गावात पोराचा दुधाचा दात पडला, की तो शेणाच्या गोळ्यात घालून उंदराच्या बिळात ढकलतात. उंदराशी सौदाच असतो तो: हा तू घे, तुझ्यासारखा आम्हाला दे. गोजरनं भलामोठा शेणाचा गोळा केला, एकतीसच्या एकतीस दात त्यात कोंबले आणि ओढ्याकाठच्या खोल खाचराच्या बांधावर गेली. तिथं उंदरांची बिळं होती. एका बिळात तिनं तो गोळा कोपरापर्यंत हात घालून ढकलला.

"घे रे बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "माझं पोर हाय, अठ्ठेचाळीस वर्सांचं. त्याचे दात पडले नाय, त्यानंच पाडले. तुझे असतील बरे तर दे त्याला."

पलीकडच्या बांधावर गवत कापणाऱ्या दोघी पोट धरून हसल्या. गोजर हसली नाही.

दोन महिने धाऊ पेज पिऊन राहिला. दिवाळीला कवळी आली. पांढरीशुभ्र, हिरड्या गुलाबी, सगळे दात एका मापाचे. खोपकर मुद्दाम बघायला आला आणि कवळी आपणच घडवल्यासारखा वळून वळून बघत राहिला. पोरं दाराशी गर्दी करायची आणि धाऊ त्यांना हसून दाखवायचा. जन्मात तो एवढा हसला नव्हता. बोलताना मात्र 'स'च्या जागी शीळ वाजायची, आणि भाकरी तोडताना वरची पट्टी खाली यायची. गोजर ताटावरून उठून जायची. "हसता तुमी, का तेच हसतंय?" ती विचारायची.

आणि सुगी आली.

त्या वर्षी कापणीनंतर मळभ धरलं. ऊन पडायचं, पण आजाऱ्यासारखं. खोल खाचरांमधलं गोंडसाळ सगळ्यांत शेवटी निघालं. ही गोंडसाळ खैरपाड्याची जुनी गरवी, उशिरा पिकणारी जात. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते, आठ-आठ दिवस बुडाली तरी कुजत नाही. आजूबाजूच्या गावांनी सुधारित बियाण्यापायी ती केव्हाच टाकली होती. खैरपाड्याच्या ओढ्याकाठच्या सात-आठ घरांच्या खाचरांत दुसरं काही येतच नाही, म्हणून तिथं ती टिकली होती. त्या घरांचं सगळं तिच्यावर. आणि अशा वर्षी तर दाढेचा सल्ला हवाच हवा.

शेजारचा चंदर पहिला आला. धाऊनं दाणा घेतला, डाव्या बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि चावला.

टक्!

काय आवाज होता! ओटीवरच्या माणसांनी माना डोलावल्या. असा आवाज जुन्या दाढेनं कधी दिला नव्हता. पण धाऊचे डोळे मिटलेलेच राहिले. दाणा तुटला होता का? का वरचे दात खालच्या दातांवर आपटले होते? त्यानं दुसरा दाणा घेतला. टक्. तिसरा. टक्. सगळे दाणे एकाच आवाजात बोलत होते. पूर्वी दाणा तुटायच्या आत दाढेच्या मुळाशी काहीतरी कळायचं. त्याला नाव नव्हतं, ते फक्त कळायचं. आता त्या जागी गुलाबी पट्टी होती आणि तिला काहीच कळत नव्हतं. कळणारं होतं ते शेणाच्या गोळ्यात बांधात गेलं होतं.

धाऊला तेव्हाच सांगता आलं असतं. 'चंदर, मला समजत नाय बाबा, दोन उन्हं दे उगाच.' एवढंही पुरलं असतं. पण समोर ओटीभर माणसं होती, आणि बापाचा तो मागे गेलेला हात होता.

"भर," धाऊ म्हणाला.

मग एक-एक करून सगळे आले. शेवटी सकुबाई आली. विधवा बाई, एकच खाचर, तेही ओढ्याला लागून. तिनं पदराच्या गाठीतून भात सोडलं. "धाऊदादा, माझ्या दाताला वलसर लागतंय बघा," ती म्हणाली. "पन माझं काय खरं. तुमी सांगशाल तसं."

टक्.

"भर," धाऊ म्हणाला.

त्या दुपारी माणसं गेल्यावर गोजर त्याच्यासमोर येऊन बसली. वीस वर्षांत असं ती कधी बसली नव्हती, चेष्टा न करता. "तुमाला कळत नाय," ती म्हणाली. "मला ठाव हाय. तुमचं तोंड बघितलं मी. उद्या मी चावीन तुमच्या बाजूला बसून, डोळ्यानं खुनवीन. कुनाला कळनार नाय. आज भरलंय ते पन काढाय सांगू."

धाऊ ताडकन उठला. "बायकोच्या दातानं जगू? जत्रंत हार घातलाय मला!"

"हाराला दात नसतात," गोजर म्हणाली. ती उठली आणि पुन्हा हा विषय तिनं काढला नाही.

जेठात सगळ्यांनी राब भाजले. आठ घरांच्या कणग्या उघडल्या तेव्हा आतून आंबूस वाफ आली. चंदरनं बियाणं नाकाला लावलं आणि तसंच पेरलं, कारण दुसरं होतं काय? पाच दिवस गेले, सात गेले, दहा गेले. राखेवर पाखरं बसायची आणि उडून जायची. हिरवं काही आलंच नाही. सकुबाई रोज सकाळी आपल्या राबाशी जाऊन बसायची. माती उकरून एखादा दाणा काढायची, दोन बोटांत दाबायची. दाण्यातून पांढरं पाणी यायचं.

धाऊच्या अंगणात कुणी भांडायला आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो खोपकर, सुधारित बियाण्याची थैली घेऊन. हळवं, लवकर पिकणारं बियाणं, टीचभर उंचीचं. खोल खाचरात ते पहिल्या आठवड्यातच गुदमरलं असतं. चंदरनं हे सांगितलं तर खोपकर म्हणाला, की मग खाचरांची पातळी सुधारली पाहिजे. ओढा उचलून कुठं ठेवायचा ते त्यानं सांगितलं नाही. दाताविषयी तो अवाक्षर बोलला नाही, आणि पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली. जाताना धाऊच्या नावानं वर एक अहवालही धाडून गेला म्हणे. त्यात धाऊ अजून सुधारितच होता.

अजून आठ दिवसांत गोंडसाळ कुठून मिळाली तर पेरता आली असती. नाही मिळाली तर ओढ्याकाठची सगळी खाचरं पडीक राहणार होती, आणि पुढच्या वर्षालाही बी नव्हतं. जात संपलीच म्हणायची. चंदर तीन गावं पालथी घालून हात हलवत परत आला.

तेव्हा गावकुसाबाहेरच्या कातकरी वाडीतली ठकू गोजरकडे आली. आवणीच्या दिवसांत या वाडीला गावातच मजुरी मिळायची. राब नाही तर आवणी नाही, आवणी नाही तर वाडीला खायला नाही. सुगी संपल्यावर बांधांतली बिळं खणून उंदरांनी साठवलेलं भात काढायचं, ही ठकूची दरवर्षीची कमाई. ती परसात बसली, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "गोजर, तुमच्या खोल खाचराचा दाना हाय माज्याकडं. लोंब्याच्या लोंब्या व्हत्या बिलात. पन त्यात मानसाचे दात निघाले गो. शेनात घालून. कुनीतरी करनी केलीया. आमी तो दाना खाल्ला नाय, टाकवला पन नाय. उन्हं देऊन भोपल्यात भरून ठेवलाय."

गोजर आधी तिच्याकडे बघतच राहिली. मग ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, आणि पदरानं डोळे पुसत उठली. तिनं ओटीवरच्या धाऊला हाक मारली.

"उठा. ठकूकडं जा. तुमचे दात हायत तिच्याकडं. आन् बियानं पन."

"तू जा ना गो," धाऊ म्हणाला.

"तोंड कुनाचं? जा तुमी."

धाऊ वाडीवर पोचायच्या आत बातमी पोचली होती. ठकूच्या झोपडीपुढे चंदर बसला होता, सकुबाई होती, बाकीच्या घरांची माणसंही होती. धाऊला बघून कुणी सरकलं नाही की कुणी बस म्हणालं नाही. ठकूनं आतून दुध्या भोपळ्याचं वाळलेलं तुंबं आणलं आणि सुपात उपडं केलं. पिवळंधमक भात होतं, एका राबापुरतं. त्याच्या शेजारी तिनं एक फडकं ठेवलं आणि सोडलं. एकतीस दात.

"हे कुनाचे?" तिनं विचारलं. ठकू कुणालाही अरेतुरेच करायची, तिच्या बोलीत दुसरी रीतच नव्हती. "तुजे?"

"माझे," धाऊ म्हणाला.

"पडले?"

"काढले."

ठकूनं एक दात उचलून उजेडात धरला, फिरवून बघितला. "दुखत व्हते?"

"एक दाढ दुखत व्हती."

"मंग बाकीच्यांनी काय केलतं?"

विलायत, आंदण, कारखान्यातलं काळीज, सगळं धाऊच्या तोंडाशी आलं आणि त्या झोपडीपुढे ते बोलायची त्याची त्यालाच लाज वाटली. बिळातल्या उंदरानंसुद्धा वाळलेल्या लोंब्या तेवढ्या आत नेल्या होत्या. त्याला कुणी हार घातला नव्हता.

"बरं," ठकू म्हणाली. तिला दातांत आणखी रस नव्हता. तिनं सुपातला एक दाणा उचलून धाऊच्या तळव्यावर ठेवला. "सहा म्हैने झाले भोपल्यात. जिता हाय का मेला बघ. मेला असंल तर उगा राब जालायला लावू नको या लोकांना."

सगळ्यांनी धाऊकडे बघितलं. सवयच होती ती, वर्षानुवर्षांची. धाऊनं दाणा तोंडात टाकला, डावीकडे ठेवला आणि डोळे मिटले.

टक्.

कुणी मान डोलावली नाही. एका शब्दाचंच काम होतं. 'पेरा' म्हटलं असतं तर लोकांनी पेरलंही असतं. दाणा वाळलेला होता हे तर लांबून दिसतच होतं. आणि धाऊ पुन्हा गावाची दाढ झाला असता. त्याची जीभ पट्टीवरून फिरली. तिथं काहीच नव्हतं.

त्यानं तोंडात बोट घालून कवळी काढली, आधी वरची, मग खालची, आणि मुठीत धरली. त्याचे गाल आत गेले. एका क्षणात तो पदूसारखा दिसायला लागला.

"मला कळत नाय," तो म्हणाला. कवळीशिवाय त्याचे शब्द ओले, बोबडे येत होते. "आज पन नाय कळत. सुगीला पन कळलं नव्हतं. तवाच नव्हतं कळलं, सकुबाय. मी तुला भर म्हनालो."

सकुबाई तोंडभर शिव्या देईल, असं चंदरला वाटलं. तिनं दिल्या नाहीत. ती सुपाशी सरकली, एक दाणा उचलला. धाऊचा हात आपोआप पुढे आला होता, रिकामा, तळवा वर करून.

सकुबाईनं त्याच्यासमोरून हात नेला आणि दाणा ठकूला दिला.

ठकूनं तो दाढेखाली धरला. कट् झालं, सगळ्यांना ऐकू आलं.

"पेर," ती म्हणाली.

धाऊनं हात मागे घेतला.